मीटर आधी समजावून सांगा, मग बसवा

(विभागीय कार्यकर्ता शिबिरात युनियनच्या चिटणीसांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी पगारावर किंवा पेन्शनवर बोलणार नाही. विषय आहे घरोघर बसत असलेल्या स्मार्ट वीजमीटरचा. रेल्वे-पोस्टाच्या कामगाराने यात कशाला पडावे, असे कोणी विचारील. क्वार्टर आपले निवृत्तीपर्यंतच. पुढे गावाकडचे घर, नाहीतर कर्ज काढून घेतलेल्या दोन खोल्या. तिथले बिल पेन्शनमधूनच भरायचे आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. जुन्या मीटरचा आकडा माणूस येऊन टिपून नेत असे. नवा मीटर ठराविक मिनिटांनी वापर नोंदवतो आणि मोबाइलसारख्या यंत्रणेने कंपनीकडे पाठवतो. तिकडून हुकूम आला तर याच मीटरमधून वीज बंद होते. तो प्रीपेड चालतो, म्हणजे आधी पैसे, मग वीज. आणि पोस्टपेडही चालतो, म्हणजे महिनाअखेर बिल.

केंद्र सरकारने २०२१ साली वीज वितरण सुधारणेची योजना आणली. तिच्यात २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटरांचे उद्दिष्ट ठेवले. बहुतेक राज्यांना मीटरमागे केंद्राचे अनुदान जास्तीत जास्त ९०० रुपये. महाराष्ट्रात २०२३ साली ठेके दिले गेले, तेव्हा देखभालीसह एका मीटरचा खर्च १२ हजारांच्या आसपास आला. ग्राहकाकडून मीटरचे पैसे घेणार नाही, गळती कमी होऊन खर्च निघेल, असे सांगतात. निघाला तर उत्तम. न निघाला तर तो वीजदरातून कोणाच्या माथी बसेल, हे सांगायला ज्योतिषी नको. केरळने २०२३ साली वीज कामगार संघटनांच्या विरोधानंतर ही ठेकेदारी पद्धत नाकारली. म्हणजे दुसरा मार्ग असू शकतो.

आता लोकांचा अनुभव. १२ ऑगस्ट २०२०, जन्माष्टमीचा दिवस. उत्तर प्रदेशात यंत्रणेतल्या चुकीने लाखाहून अधिक स्मार्ट मीटरांची वीज एकदम गेली. बिल भरलेली घरेही अंधारात बसली. मे २०२४ मध्ये बडोद्यात लोक रस्त्यावर आले. तिथे आपली मराठी माणसे आणि रेल्वे कामगारांची वस्ती मोठी आहे. रिचार्ज केलेले पैसे बघता बघता संपतात, ही तक्रार होती. मागची बाकी रोज थोडी थोडी कापली जाते, हा खुलासा लोक चिडल्यावर आला. आधी आला असता तर निम्मा राग उठलाच नसता. महाराष्ट्रात जून २०२४ मध्ये सर्वसामान्य घरांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असे सरकारला जाहीर करावे लागले. नंतर पोस्टपेड मीटर बसू लागले. पश्चिम बंगालने जून २०२५ मध्ये घरगुती स्मार्ट मीटर बसवणे थांबवले.

माझे भांडण यंत्राशी नाही. आपल्या खात्यात नवा सिग्नल उभा राहिला तर आधी परिपत्रक निघते, ड्रायव्हर ते वाचून सही करतो, मगच सिग्नल चालू होतो. न सांगता सिग्नल बदलला तर अपघात होईल, हे प्रशासनही जाणते. मग लोकांच्या दारातला मीटर, घरात कोणी नसताना, एक शब्द न सांगता का बदलायचा?

प्रीपेडमध्ये खरी मेख इथे आहे. वीज कायदा २००३, कलम ५६ सांगते की बिल थकले तर वीज तोडण्यापूर्वी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी. पगार लांबला, घरात आजारपण आले, तर गरिबाला हे १५ दिवस आधार असतात. प्रीपेडमध्ये शिल्लक संपली की हा आधार जातो. म्हणून प्रीपेड की पोस्टपेड, हा प्रश्न पहिला आणि लेखी विचारा.

वेळेनुसार दराचेही तसेच आहे. महाराष्ट्रात जुलै २०२५ पासून असा मीटर असलेल्या घरांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत सवलत लागू झाली. रात्रपाळीचा माणूस दुपारी पंखा लावून झोपेल, त्याला फायदा. नवराबायको दोघे कामावर जातात आणि संध्याकाळी येऊन चूल पेटवतात, त्यांना काय? केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी गर्दीच्या वेळेला घरगुती ग्राहकासाठीही निदान दहा टक्के जादा दराची वाट मोकळी केली आहे. यावर नजर हवी.

आणि रीडिंग घेणारी ठेक्यावरची पोरे? वाफेची इंजिने गेली तेव्हा फायरमनला डिझेलवर शिकवून घेतले, कारण युनियन उभी होती. या पोरांमागे कोण उभे राहणार?

तेव्हा प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीत एवढे करावे. जुना मीटर काढताना शेवटचा आकडा कागदावर लिहून सही घ्या, फोटो काढा. बिल जास्त वाटले तर लेखी तक्रार द्या. २०२४ च्या नियमांप्रमाणे पाच दिवसांत जोडीला तपासणी मीटर लावून निदान तीन महिने पडताळा घ्यावा लागतो. कधीकधी जुना झिजलेला मीटरच मंद चालत होता असेही निघेल. तेही मान्य करू. मंजूर भार एका आर्थिक वर्षात तीनदा ओलांडल्याशिवाय वाढवता येत नाही, हा २०२३ चा नियम ध्यानात ठेवा. दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे मंच आहे, त्यावर विद्युत लोकपाल आहे.

पोस्टमन बंधूंना खास विनंती. कोणत्या घरात एकटी म्हातारी राहते, कोणाकडे मोबाइल नाही, हे तुमच्याइतके कंपनीला माहीत नाही. मीटरचा निरोप मोबाइलवरच येणार. ती नावे शाखेला कळवा, आपण कंपनीच्या कार्यालयात नेऊन देऊ आणि पोच घेऊ.

पुढच्या महिन्यात शाखाबैठकीत प्रत्येकाने किती घरी गेलो ते सांगायचे आहे. भाषण माझे झाले, काम तुमचे सुरू.

कामगार एकजुटीचा विजय असो!