घरच्या कामट्यासाठीं कोनाची करवत

भिंतीवरील तसबिरीची चौकट आपण कधीं जवळून न्याहाळली आहे काय? तिचे कोपरे चार, म्हणजे ४५ अंशांचे काप ८. प्रत्येक काप एकाच बाजूस अर्धा अंश चुकला, तर शेवटच्या कोपऱ्यांत ४ अंशांची फट पडते. ती लांबी भरूनहि लपत नाहीं. यास्तव मायटर सॉ, म्हणजे कोनांत कापणारी विजेची करवत, निवडतांना शक्तीपेक्षां अचूकपणा पाहावा.

मीं स्वतः मोहानें १० इंची, सरकत्या दांड्यांची करवत घेतली. त्या दांड्या मागें सरकत, म्हणून ती भिंतीपासून हातभर पुढें मांडावी लागे. मग गॅलरींत मलाच उभें राहण्यास जागा उरेना! अखेर ती भाच्याच्या घरीं गेली. दोन इंच रुंद पट्ट्यांस २१६ मिलिमीटरचें, म्हणजे साडेआठ इंची, न सरकणारें यंत्र पुष्कळ झालें. पातें मात्र ६० दात्यांच्या आसपासचें घ्यावें; थोड्या दात्यांचें पातें सागवानाची कड फाडतें.

बोहरी आळींत खरेदीस जातांना समांतर कडांची एक फळी बरोबर न्यावी. यंत्र ९० अंशांवर लावून ती मधोमध कापावी, एक तुकडा उलथावा आणि दोन्ही तुकडे सरळ कडेस टेकवून एकमेकांस भिडवावे. दिसणारी फट मूळ चुकीच्या दुप्पट असते, त्यामुळें ती डोळ्यांतून सुटत नाहीं. ४५ अंशांचे दोन काप जुळवून गुण्याहि लावून पाहावा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरूं द्यावें.