व्रत आणि वाणसामान



आज 2 फेब्रुवारी. नाताळ धरून आज चाळिसावा दिवस. लूकच्या शुभवर्तमानात या दिवसाची गोष्ट आहे. योसेफ आणि मरिया तान्ह्या बाळाला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात जातात. बाळंतिणीनं मंदिरात काय अर्पण करायचं, याचा मोशेच्या नियमशास्त्रात नियम होता. ऐपत असेल तर कोकरू, नसेल तर होल्यांची जोडी किंवा पारव्याची दोन पिल्लं. लूक कोकराचं नावही काढत नाही, थेट पाखरांवर येतो. सुताराच्या घरात कोकराएवढे पैसे नव्हते, हे त्यानं न बोलता सांगून टाकलं.

कॅथलिक चर्चमध्ये आज मेणबत्त्यांना आशीर्वाद देतात. आणि 1997 पासून, पोप जॉन पॉल दुसरे यांनी ठरवल्याप्रमाणे, हाच दिवस व्रतस्थांचा म्हणजे सिस्टर, ब्रदर आणि धर्मसंघातल्या फादरांचा दिवस म्हणून जगभर पाळला जातो. मला यात गंमत वाटते. ज्यांनी घर सोडलं त्यांच्यासाठी दिवस निवडला तो एका कुटुंबाचा, आणि तेही खिशाकडे बघून देवळात आलेल्या कुटुंबाचा. म्हणून आज मी ध्यानधारणेबद्दल बोलणार नाही. वाणसामानाबद्दल बोलणार आहे.

माझी धाकटी आत्या सिस्टर आहे. आमचं मूळ गाव वैजापूर तालुक्यातलं. आजी शेवटपर्यंत कुरकुरत राहिली, की थोरल्या दोघी नांदायला गेल्या त्या सणावाराला येतात तरी. ही देवाच्या घरी दिली तर नाताळलाही उंबरा चढत नाही. खरंच चढत नसे. नाताळात कॉन्व्हेंटला उसंत कुठली? गोठा उभारायचा, पोरांची गाणी बसवायची, मध्यरात्रीच्या मिस्सेची तयारी करायची, आणि दवाखान्याला तर सुट्टी नसतेच. आत्या यायची मे महिन्यात, ठरवून दिलेल्या रजेवर. शहरात, औरंगपुऱ्यात आमच्याकडे मुक्काम, मग एस.टी.नं गावी.

मुक्कामाला असली की संध्याकाळी मंडईत माझ्या आईबरोबर तीच जायची. मेथीची जुडी उलटी करून आतल्या काड्या बघायची, मिरचीचा भाव ऐकून काही न बोलता पुढच्या गाड्याकडे वळायची. गाडेवाला मागून हाक मारायचाच. आईला संकोच व्हायचा, सिस्टरनं एवढी घासाघीस करावी का म्हणून. आत्या म्हणायची, "वहिनी, माझे पैसे असते तर केली नसती."

रात्री जेवणं झाली की पिशवीतून एक छोटी वही निघायची. रिक्षा, एस.टी.चं तिकीट, मोबाइलचा रिचार्ज, वाटेत घेतलेला चहा. एका मेमध्ये आजीनं पदराच्या गाठीतून पाचशेची नोट काढून तिच्या हातात कोंबली होती. ती जमेच्या बाजूला आली, पुढे दोन शब्द, "आईनं दिले." परत गेल्यावर वही आणि उरलेले पैसे सुपीरियरच्या, म्हणजे कॉन्व्हेंटच्या प्रमुख सिस्टरच्या हवाली. आजीला हे कळलं तेव्हा ती खवळली. "मी माझ्या लेकीला दिले, त्या बाईला नाही दिले." आत्या हसत होती. पुढच्या वर्षी आजीनं युक्ती केली. नोट दिलीच नाही, चपला घेऊन दिल्या. वहीत चपला मांडता येत नाहीत, असं तिचं म्हणणं.

दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं बहुतेकांना ऐकून माहीत असतात. ती एका दिवसात घेतली जात नाहीत, हे मात्र फारसं माहीत नसतं. आधी उमेदवारी. मग नॉव्हिशिएट म्हणजे व्रतांआधीची तयारी, चर्चच्या कायद्याप्रमाणे कमीत कमी बारा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं. मग तात्पुरती व्रतं, तीन ते सहा वर्षं, आणि तरीही मन ठरत नसेल तर वाढवून नऊ वर्षांपर्यंत. त्यानंतर कायमची व्रतं. निर्णय पक्का करायला नऊ वर्षं देणारं लग्न आपल्याकडे मी तरी पाहिलेलं नाही. आपल्याकडे कांदेपोह्यांतच आटोपतं.

आत्याच्या वहीसारख्या हिशेबाचं एक प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या सिस्टरचा किंवा फादरांचा पगार सरकारकडून येतो, पण तो त्यांच्याकडे राहत नाही, संघाच्या खात्यात जातो. मग त्यातून टीडीएस कापायचा का? तामिळनाडू आणि केरळातल्या मंडळींचं म्हणणं होतं, की व्रत घेतलेला माणूस मालमत्तेच्या हिशेबात मेल्यासारखाच असतो, त्याला स्वतःचं उत्पन्न कसलं? नोव्हेंबर 2024 मध्ये न्यायालयानं हे मानलं नाही. पगार व्यक्तीला मिळतो, पुढे तिनं तो कुणाला दिला हा तिचा प्रश्न, तेव्हा कर कापला जाणार. मला निकाल पटतो. ज्याच्याकडे मुळात काहीच आलं नाही त्यानं काय द्यायचं? द्यायला आधी मिळावं लागतं. आत्याला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आजीचं बरोबर होतं."

लोकांना वाटतं तिन्हींत अवघड व्रत ब्रह्मचर्याचं. आत्याचं उत्तर वेगळं. तिच्या मते अवघड आहे तो स्वयंपाकघरातला पाळीचा तक्ता. एका घरात चार-पाच जणी, कुणी केरळची, कुणी झारखंडची, कुणी मंगळूरची, आणि ही वैजापूरची. कुणीही कुणाला निवडलेलं नाही. पहिल्या आठवड्यात गवारीच्या भाजीत खोबरेल तेल पडलं, तेव्हा ती उपाशी झोपली होती. दुसऱ्या आठवड्यात हिची पाळी आली. हिनं ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा केला, तेव्हा केरळच्या सिस्टर पाण्याचा तांब्या घेऊन बसल्या. पुढे दोघींची एवढी गट्टी जमली, की बदली झाली तेव्हा ठेच्याची बाटली बरोबर गेली. मग नवी माणसं, नवा तक्ता, पुन्हा पहिल्यापासून. दर काही वर्षांनी बदली ठरलेली. घर सोडताना एकदाच रडायचं असतं, आत्या म्हणते, खरे कष्ट नंतरचे, दर वेळी पुन्हा घर मांडण्याचे.

औरंगपुऱ्यात राहणाऱ्याला हे ऐकून नाथ आठवल्याशिवाय राहत नाहीत. आमच्या भागातलं नाथांचं मंदिर जुनं ठिकाण आहे, आणि पैठणही इथून लांब नाही. एकनाथ महाराज प्रपंचात राहिले आणि प्रपंचातूनच त्यांनी सगळं केलं. वाळवंटात रडणारं लेकरू उचलून घरी आणल्याची, तहानलेल्या गाढवाला कावडीतलं गंगाजल पाजल्याची गोष्ट लहानपणी सगळ्यांनी ऐकलेली असते. श्राद्धाचा स्वयंपाक भुकेल्या अस्पृश्यांना वाढला, तीही गोष्ट आपण सांगतो, पण ती तिथंच थांबवतो. पुढं काय झालं? स्वयंपाक पुन्हा करावा लागला. तो कुणी केला? गिरिजाबाईंनी. नाथांच्या दयेची ख्याती झाली. चूल दुसऱ्यांदा पेटवणाऱ्या गिरिजाबाईंचा उल्लेख कथेकऱ्याच्या लहरीवर. सेवेच्या मागे कुठंतरी चुलीपाशी एक बाई असतेच, आणि हे जेवढं नाथांच्या वाड्याला लागू तेवढंच कॉन्व्हेंटलाही.

नाथ गेले 1599 मध्ये. त्या वेळी आल्प्सच्या कुशीतल्या सव्हॉय प्रांतात फ्रान्सिस डी सेल्स नावाचा तिशीतला धर्मगुरू काम करत होता. पुढे तो जिनिव्हाचा बिशप झाला, पण जिनिव्हा प्रॉटेस्टंटांच्या हातात असल्यानं राहिला आन्सीला. 1609 मध्ये त्यानं भक्तिजीवनाची ओळख करून देणारं एक पुस्तक छापलं. ते मुळात एका संसारी बाईला लिहिलेल्या पत्रांतून तयार झालं होतं. त्यात त्यानं आग्रहानं मांडलं, की भक्ती म्हणजे मठातल्यांची मिरास नव्हे. शिपायानं छावणीत, कारागिरानं दुकानात, नवराबायकोनं घरात भक्ती करावी, आणि ज्याच्या-त्याच्या कामाला झेपेल अशीच करावी. बिशपानं एकांतवासी होऊ पाहिलं, किंवा संसारी माणसानं बैराग्यासारखं पैशाकडे पाठ फिरवली, तर ती भक्ती हास्यास्पद, असंही त्यानं बजावलं. याच फ्रान्सिसच्या नावाची शाळा आपल्या शहरात जालना रोडवर आहे, कॅथेड्रलही त्याच्याच नावाचं. हजारो मुलं त्या फाटकातून शिकून गेली, पण हा फ्रान्सिस कोण हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. आपल्याला शाळेचा प्रवेश हवा असतो, संत नको असतो.

त्याच्या नावाचा धर्मगुरूंचा संघ पीटर मर्मिए यांनी 1838 मध्ये आन्सीला काढला. त्याच सुमारास त्यांनी मदर क्लोदीन एशर्निए यांच्या साथीनं शाव्हानो गावात होली क्रॉस सिस्टरांचा संघही उभा केला. गावोगाव फिरून खेड्यातल्या पोरींना शिकवणं आणि आजाऱ्यांची शुश्रूषा करणं हे त्यांचं काम. त्या डोंगराळ मुलखातले फादर 1892 मध्ये निजामाच्या राज्यातल्या घोगरगावला येऊन पोचले, आपल्या वैजापूर तालुक्यात. पुढच्या आठ वर्षांतच दोन दुष्काळ पडले, 1896-97 चा आणि मग 1899-1900 चा. गावकुसाबाहेरची अनेक घरं त्या काळात ख्रिस्ती झाली. पोटासाठी झाली, मानासाठी झाली, श्रद्धेनं झाली. माझ्या मते हे तिन्ही धागे एकाच घरात होते आणि आज बाहेरून ते सोडवत बसण्यात अर्थ नाही. एवढं मात्र खरं, की त्या घरांना नंतरही हिशेब चुकला नाही. अनुसूचित जातींबाबतच्या 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात ख्रिस्ती झालेल्यांना जागा नाही. पुढे शिखांना आणि बौद्धांना ती मिळाली, ख्रिस्ती बाहेरच राहिले. त्यामुळे दाखल्यावर काय लिहायचं हा प्रश्न मराठवाड्यातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांत पिढ्यान् पिढ्या जेवणाच्या ताटावर चर्चिला गेलेला आहे. मराठवाड्यासाठी स्वतंत्र धर्मप्रांत झाला तो 1977 च्या डिसेंबरात, म्हणजे घोगरगावच्या आगमनानंतर पंच्याऐंशी वर्षांनी.

त्याच होली क्रॉस सिस्टरांच्या संघातल्या एका बाईंचं नाव इथं घेतलंच पाहिजे. सिस्टर लुसी कुरियन. मूळ केरळच्या, काम पुण्यात. 1991 मध्ये एक गरोदर बाई त्यांच्याकडे आली. नवरा मारून टाकील, मला ठेवून घ्या, म्हणाली. लगेच ठेवून घेण्याची सोय नव्हती. उद्या काहीतरी करते, असं सांगून सिस्टरांनी तिला परत पाठवलं. त्याच रात्री नवऱ्यानं तिला पेटवलं. ती गेली, पोटातलं बाळही गेलं. ही हकिगत सिस्टर लुसी स्वतः जाहीरपणे सांगतात, काहीही न लपवता. 1997 च्या फेब्रुवारीत, संभाजी महाराजांची समाधी असलेल्या वढू बुद्रुकला त्यांनी मार खाणाऱ्या बायकांसाठी पहिलं घर उघडलं आणि त्याला नाव दिलं 'माहेर'. तिथं सगळ्या धर्मांच्या बायका-मुलं राहतात, सगळ्यांचे सण होतात. मला भिडतं ते वेगळंच. पहिल्या बाईला 'उद्या ये' म्हणावं लागलं ते मन नव्हतं म्हणून नव्हे. खोली नव्हती, खाट नव्हती, ठेवून घेण्याचा अधिकार नव्हता. दया होती, व्यवस्था नव्हती. पुढची सगळी वर्षं त्यांनी व्यवस्था उभी करण्यात घातली. भाडं, धान्य, शाळेची फी, रात्री दार उघडणारं माणूस.

आता या मार्गावर येणाऱ्यांची संख्या घटते आहे. जगभरात 1970 च्या आसपास दहा लाखांच्या घरात सिस्टर होत्या, आता सहा लाखांच्याही खाली आल्या आहेत. आमच्या घराण्यातच बघा ना, आजीच्या घरी पोरं इतकी, की एक देवाला देणं जमून गेलं. माझ्या चुलतभावांना एकेक, फार तर दोन. कोणता बाप एकुलतीला पाठवील? यात श्रद्धा आटल्याचं रडगाणं गाण्यासारखं मला काही दिसत नाही. कुटुंब बदललं, तर त्यातून निघणारी वाटही बदलणार.

आत्या आता निवृत्त सिस्टरांच्या घरात असते. गुडघे गेलेत, तोंड शाबूत आहे. गेल्या भेटीत मी तिला म्हटलं, तुमच्या दवाखान्यात आता सिस्टर कमी आणि पगारी नर्स जास्त, तुला वाईट नाही वाटत? ती म्हणाली, "वाईट कशाचं? आता आलेली नर्स पोरगी चांगली आहे, माझ्यापेक्षा हात हलका आहे तिचा. लग्न झालेली आहे, दोन लेकरं आहेत. तिचा पगार दर महिन्याला वेळेवर होतो का, तेवढं जरा तिथं विचार. आणि येताना शेंगदाण्याचा ठेचा आण, इथं कुणाला जमत नाही."