बारा ठोके

लहान मुलाला शहर दाखवावयास निघालेल्या वडिलांच्या खिशात बहुधा स्थळांची यादी असते. देगलूरहून सहा वर्षांच्या मुलीला घेऊन हैदराबादेस आलेल्या एका गृहस्थांजवळही ती होती. रात्री चिक्कडपल्लीस आत्याकडे मुक्काम करून सकाळी दोघे मेट्रोने निघाली. १९५६ पर्यंत आपला नांदेड जिल्हा हैदराबाद राज्यात होता, हे वडिलांनी वाटेत सांगितले. मुलीचे लक्ष गच्च्यांवर वाळणाऱ्या कपड्यांकडे!

सालारजंग वस्तुसंग्रहालयात बेंझोनीने घडविलेली रिबेका आहे. चेहऱ्यावरचा तलम पडदासुद्धा संगमरवराचा. वडील थक्क झाले. मुलीने एवढेच विचारले, "हिला दिसतं का?"

पुढे ते प्रसिद्ध घड्याळ. त्यातला इवलासा लोहार क्षणोक्षणी हातोडा मारतो, आणि तास भरला की दाढीवाला बाहुला बाहेर येऊन जितके वाजले तितके ठोके देतो. अकराचे ठोके झाले, तसे वडील उठले. चारमिनार, प्राणिसंग्रहालय, सारेच राहिले होते. संध्याकाळची बस गाठावयाची होती. पण मुलगी हलेना. तिला बाराचे ठोके हवे होते.

एक पूर्ण तास! वडिलांनी यादीकडे पाहिले. चारमिनार १५९१ पासून उभा आहे, तो पुढच्या खेपेपर्यंत खास थांबेल. यादी खिशात गेली आणि ते पुन्हा बसले.

बारा वाजले. मुलगी एकेक बोट मिटून ठोके मोजू लागली. दहा बोटे संपली, तेव्हा तिने वडिलांचा हात ओढून घेतला.