वाटेवरच्या माणसांना निर्मळला आणताना
(शताब्दी वर्षाच्या नियोजन सभेत केलेले भाषण)



विणेकरी बुवा, चोपदार, टाळकरी मंडळी आणि मागे बसलेल्या माता-भगिनींनो,

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. त्या निमित्तानं काय करायचं, यावर तीन बैठका झाल्या. कोणी म्हणालं, नवी भांडी घेऊ. कोणी म्हणालं, हरिहरेश्वर, गणपतीपुळे अशी देवदर्शनाची सहल काढू. वाईट काहीच नाही. पण आम्हा पाच जणांच्या मनात वेगळं आहे, ते सांगायला उभे राहिलो.

आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर आपण निघतो. पुढं माळशिरस तालुक्यात शिरलो की ज्या वस्तीवर आपला मुक्काम पडतो, तिथली घरं आपल्याला ठाऊक आहेत. पाऊस असो, दुष्काळ असो, पिठलं-भाकरी चुकली नाही. एक वर्ष तर टँकरचं पाणी त्यांनी आपल्याला आधी दिलं, जनावरांना मागून. तिथली एक आजी दर आषाढीला विचारायची, "तुमच्याकडं समिंदर हाय म्हणं, त्यो कसा असतुया?" आपण म्हणायचो, "या की एकदा आजी, दाखवतो." म्हणायला काय जातं! गेल्या आषाढीला गेलो तर ओसरी रिकामी होती. तेव्हा चहा घशाखाली उतरला नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं, की या वर्षी आपण कुठं जायचं नाही. त्यांना इकडे आणायचं. साठ-सत्तर माणसं, तीन मुक्काम, देव आणि समुद्र दोन्ही.

आता दिवस कोणते? निर्मळची यात्रा कार्तिक वद्य एकादशीला भरते. पण त्याच एकादशीला आपण आळंदीत असतो. आपल्या बापजाद्यांनी घरची यात्रा सोडली, आळंदीची वारी सोडली नाही. ती या वर्षीही सुटणार नाही. पाहुणेही माळकरी, तेही आळंदीलाच येणार. मग त्रयोदशीचा समाधी सोहळा झाला, की चतुर्दशीला पहाटे त्यांना तिथूनच गाडीत बसवायचं. निर्मळची यात्रा पुढं काही दिवस चालते, तेव्हा त्यांना तीही सापडेल. एस.टी.च्या दोन गाड्या प्रासंगिक करारावर मिळतात का, ते आगारात विचारू. फक्त साध्या तिकिटावरच्या सवलती धरून कोणी हिशेब मांडू नका, नंतर तोंडघशी पडू.

अमावास्येला सकाळी निर्मळ. तळ्यावर हातपाय धुऊन टेकडीवर शंकराचार्यांच्या समाधी मंदिरात जायचं, विमलेश्वराचं दर्शन घ्यायचं. पोर्तुगीज अमलात इथली देवळं मोडली गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर पुन्हा उभी राहिली, हे पाहुण्यांना सांगणारा एक जाणता माणूस बरोबर हवा. पण थोडक्यात सांगणारा. आपल्यातले काही जण सुरू झाले की प्रसाद गार होतो! यात्रेत सुकेळी घेऊ द्या त्यांना. राजेळी केळं सोलून उन्हात वाळवलेलं, हे त्यांच्याकडं मिळत नाही, आणि गावी नेईपर्यंत टिकतंही.

दुपारी विश्रांती. मग टाळ-मृदंग घेऊन दिंडीनंच कळंबच्या किनाऱ्यावर जायचं. वेळेचा हिशेब आपल्या जुन्या माणसांचा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अमावास्येची तिथी पंधरा धरायची, पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे संध्याकाळी पाचच्या सुमारास ओहोटी, वाळू लांबवर उघडी, रिंगण धरायला ऐसपैस जागा. मिनिटं पुढंमागं होतात, म्हणून कोळी बांधवांना आदल्या दिवशी विचारायचंच. अमावास्येला उधाण असतं. पाणी जितकं लांब जातं तितकंच ते झपाट्यानं परत येतं, आणि ज्यांनी फक्त नीरा नि भीमा पाहिली त्यांना हे कळणार नाही. घोट्याच्या वर पाण्यात कोणी जायचं नाही. आपले दहा तरुण दोरी धरून उभे राहतील, आणि दिवेलागणीला सगळे किनाऱ्याबाहेर. यात भिडस्तपणा नको.

प्रतिपदेला आपल्याकडची देवदिवाळी. सकाळी सोपाऱ्याचं चक्रेश्वर. वाटेत बुरूड राजाचा कोट, तिथला बौद्ध स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी उकरून काढला. मग अर्नाळा. किल्ला बेटावर आहे, होडीनं जावं लागतं. आत त्र्यंबकेश्वराचं देऊळ आहे, बेटावर कालिकामातेचं. ज्यांचे गुडघे धड नाहीत त्यांना होडीत चढवायचा हट्ट नको, त्यांनी किनाऱ्यावर हरिपाठ म्हणावा. आणखी एक. वाटेत सुकी मासळी वाळत असणार, वास येणार. माळकऱ्यांना हे गाडीतच सांगायचं. तो इथल्या माणसांचा संसार आहे, कोणी नाकाला पदर लावायचा नाही.

शेवटच्या दिवशी वज्रेश्वरी. शिरसाड फाट्यावरून आत वळायचं. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी नवस केला, त्यातून ते किल्ल्यासारखं देऊळ उभं राहिलं. मग गणेशपुरीला नित्यानंद महाराजांची समाधी, आणि गरम पाण्याची कुंडं. वारीत झिजलेले गुडघे त्या पाण्यात बुडवू द्या, घाई करू नका. तिथूनच गाड्या परतीला लागतील. जीवदानी, तुंगारेश्वर, वसईचा किल्ला, सगळं कोंबायचं नाही. तेराशेच्या वर पायऱ्या चढवून पाहुण्यांना कशाला धापा टाकायला लावायच्या? रोपवे आहे, खरं, पण रांगेत अर्धा दिवस गेला तर समुद्र राहून जाईल.

राहता राहिला स्वयंपाक. मागच्या बैठकीत सगळे म्हणाले, "घरोघरी जेवण होईल." घरोघरी कोण करणार ते? बायकांना कोणी विचारलं नव्हतं. आमच्या घरात विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं, "वारीत तुम्ही बाप्ये चुलीवर दोनशे माणसांचं करता, मग गावात काय झालं?" बरोबर आहे. दिंडीची भांडी आहेत, आचारी आहेत, पंगत मांडवातच पडेल. बायकांनी पाहुण्यांबरोबर समुद्रावर यायचं. खर्चासाठी या वर्षी भिशीत थोडी वाढ करावी लागेल. ज्याला जमणार नाही त्यानं एक दिवस वाढपी म्हणून उभं राहावं.

शेजारच्या वाडीतल्या ख्रिस्ती मंडळींनी गाड्या लावायला अंगण देऊ केलंय, ते घेऊ.

आता कामाचं. घरात किती माणसं झोपतील, शौचालय खाली आहे की वर, हे चिठ्ठीवर लिहून कीर्तन सुटायच्या आत चोपदारांकडे द्या. त्या आजीची सून येणार आहे, तसा निरोप आला. तिला तळमजल्यावरचं घर हवं, पायाचं ऑपरेशन झालंय. ते घर आमच्याकडे लिहा.