ऑर्थो की फॅमिली मेडिसिन?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

माझा नेरुळला दवाखाना आहे. मागे एकदा रात्री नऊच्या सुमारास, शेवटचा रुग्ण गेल्यावर, आमच्याच सेक्टरमधले एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. मुलाची एमबीबीएसची इंटर्नशिप संपलेली. वडील म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, याला खेळाडूंचा डॉक्टर व्हायचंय. पण नीट-पीजीच्या रँकवर ऑर्थोपेडिक्स मिळत नाही. डीएनबी फॅमिली मेडिसिन मिळतंय. ते घ्यावं, की वर्षभर घरी बसून पुन्हा परीक्षा द्यावी?’’

मुलाच्या डोक्यात हे शिरलं ते आपल्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये. २६ ऑक्टोबर २०२५ रोजी महिला विश्वचषकात बांगलादेशविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना प्रतिका रावलचा घोटा दुखावला, तेव्हा तो प्रेक्षकांत होता. आठवड्याने त्याच मैदानावर आपण विश्वचषक जिंकला आणि ती व्हीलचेअरवरून जल्लोषात आली, हे तुम्हीही टीव्हीवर पाहिलं असेल.

मी त्याला विचारलं, ‘‘ती पडली तेव्हा तुला काय करावंसं वाटलं? ऑपरेशन?’’

‘‘नाही सर. नेमकं काय झालंय आणि ती पुन्हा कधी खेळेल, हे आपल्याला सांगता यावं असं वाटलं.’’

मग ऑर्थो नाही म्हणून एवढं रडायचं कशाला? ऑर्थोपेडिक सर्जन लागतोच. लिगामेंट तुटलं, हाड मोडलं तर त्याच्याशिवाय गत्यंतर नाही. पण खेळाडूंच्या बहुतेक तक्रारींना सुरी लागत नाही. माझ्याकडे सोळा वर्षांची एक कबड्डीपटू आली होती. उत्तरार्धात तिचे पाय गळायचे. प्रशिक्षक म्हणायचे, स्टॅमिना नाही, जास्त पळ. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन नऊ. पाळीत रक्तस्राव फार होतो, हे तिने घरीही कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्या गुडघ्याचा एक्स-रे काढून काय कळलं असतं? पाम बीच रोडवर पहाटे मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या पन्नाशीच्या मंडळींत मधुमेही असतात, रक्तदाबवाले असतात. छातीत दडपल्यासारखं झालं तर ‘अ‍ॅसिडिटी असेल’ म्हणून ते आणखी दोन किलोमीटर पळतात! अशा वेळी हृदयाचा विचार आधी सुचणारा डॉक्टर हवा.

औषधांचंही तसंच. सर्दीच्या काही गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त लघवीत सापडलं, तर स्पर्धेच्या काळात तो उत्तेजक सेवनाचा गुन्हा ठरतो. आपण सहज लिहून देतो त्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांनाही स्पर्धेच्या काळात बंदी आहे. चिठ्ठी आपली आणि शिक्षा खेळाडूला.

हे ऐकून वडिलांचा चेहरा खुलला. ‘‘म्हणजे हरकत नाही तर! याचा अमेरिकेतला मावसभाऊही हेच म्हणत होता.’’ इथे मात्र मला त्यांना थांबवावं लागलं. अमेरिकेत तीन वर्षं फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी केली की एक वर्षाची स्पोर्ट्स मेडिसिनची फेलोशिप करता येते. तिथे ही मळलेली वाट आहे. आपल्याकडे तसा जिना नाही. एम.डी. स्पोर्ट्स मेडिसिन ही आपल्याकडे स्वतंत्र पदव्युत्तर पदवी आहे, तिच्या जागा मोजक्याच. फॅमिली मेडिसिनची तीन वर्षं केली म्हणून तिथे वरच्या वर्गात बसवत नाहीत. पुन्हा पहिल्यापासून तीन वर्षं. मावसभाऊ खोटं बोलत नव्हता, एवढंच की त्याचा देश वेगळा.

मी स्वतः डीएनबी फॅमिली मेडिसिन केलं ते याच आशेवर. मेडिसिन, सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग अशा विभागांतून फिरलो, पुष्कळ शिकलो. पण जिथे शिकलो तिथे सांधे आणि स्नायूंकडे बघायला कुणाला सवड नव्हती. गुडघा दुखतो म्हटलं की वेदनाशामक गोळी आणि ‘ऑर्थोला दाखवा’. दुसऱ्या वर्षी मी स्वतःच एका ऑर्थो सर्जनच्या ओपीडीत दर शनिवारी दुपारी बसू लागलो. लॅकमन तपासणी, म्हणजे गुडघ्यातलं लिगामेंट शाबूत आहे का हे हाताने ओळखणं, मला पन्नासएक गुडघे धरल्यावर जमायला लागलं. त्याहून जास्त शिकवलं शेजारच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी. खेळाडूला ‘सहा आठवडे विश्रांती’ सांगितलं की तो दहाव्या दिवशी मैदानात दिसतो. पहिल्या आठवड्यात काय करायचं, दुसऱ्यात काय, हे सांगितलं तर थांबतो, हे त्यांचंच. रविवारी कबड्डीच्या स्पर्धांना पेटी घेऊन जायचो. मानधन म्हणजे नारळ आणि वडापाव!

वडिलांनी शेवटी विचारलंच, ‘‘आणि कमाई?’’ मी म्हटलं, ‘‘अहो, माझं घर ताप-खोकल्यावर, बीपी-शुगरवर चालतं. खेळाडू दिवसाला चार-पाच.’’ मग मुलाला विचारलं, ‘‘कुठल्याही संघाने तुला कधीच बोलावलं नाही, तरी ही आजी-आजोबांची, पोराबाळांची ओपीडी आनंदाने करशील? तसं नसेल तर घेऊ नकोस. वर्ष गेलं तरी चालेल, परीक्षा दे.’’

तो काही बोलला नाही. मला ते बरं वाटलं. लगेच ‘हो सर’ म्हणाला असता तर काळजी वाटली असती.

प्रवेशाची मुदत संपायच्या आदल्या रात्री त्याचा फोन आला. ‘‘घेतोय सर. त्या हॉस्पिटलात ऑर्थोची ओपीडी कुठल्या वारी असते, तेही विचारून ठेवलंय.’’