ओळख करून देताना



पाहुणीने आधी ओळख द्यावी. गाव माजलगाव, जिल्हा बीड. इंजिनिअरिंगची पदवी, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी. घरी दखनी, शाळा मराठी. "तुम्ही मराठी किती छान बोलता!" असं लोक म्हणतात तेव्हा काय बोलावं सुचत नाही. माजलगावात वाढलेली बाई दुसरं काय बोलणार?

पण ही झाली बायोडेटातली ओळख. खरं सांगायचं तर दहावीत आपाला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. पैसे एकीच्याच शिक्षणापुरते. तिचं लग्न लावलं, पुढे माझी फी भरली. तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

2011च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 807 मुली होत्या, राज्यात सगळ्यांत कमी. आमच्या घरांत म्हणायचे, "आपल्यात असलं नसतं." मुलगी जन्मू दिली, एवढ्यावरच आम्ही खूश!

18 एप्रिल 1966ला हमीद दलवाईंनी मुंबईत तोंडी तलाकविरुद्ध मोर्चा काढला. बायका किती होत्या? सात. आमच्या गल्लीतल्या शिलाई क्लासला याहून जास्त मुली असायच्या. तरी त्या सातजणी गेल्या. मी आपासाठी अब्बांसमोर एकटीही उभी राहिले नाही.

इथे हे बोलू का, म्हणून आपाला फोन केला. म्हणाली, "मेरा नाम नको लेना. मार्क बताना."

82 टक्के. मला 78 होते.