गव्हाचे रुपये आणि संशोधनाचे प्रश्न



भूराजकीय स्पर्धा, म्हणजे भूभाग, साधनसंपत्ती आणि प्रभावक्षेत्र यांसाठी राष्ट्राराष्ट्रांत चालणारी चढाओढ, सामाजिक शास्त्रांतील संशोधनाला कसा आकार देते, हा या परिषदेचा विषय दूरच्या राजधान्यांतला वाटला, तरी त्याचा एक धागा रेशनच्या गव्हापर्यंत येतो.

'पीएल 480' या 1954 च्या अमेरिकी कायद्यानुसार भारतात आलेल्या गव्हाची किंमत रुपयांत चुकती होई. ते रुपये येथेच अमेरिकेच्या खात्यावर साठत आणि त्यांच्या एका अंशातून 1962 पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्ली कार्यालय मराठीसह भारतीय भाषांतील नवी पुस्तके विकत घेऊन अमेरिकी ग्रंथालयांना धाडू लागले. ती वाचणारे घडवण्याची सोय त्याआधीच झाली होती. कारण सोव्हिएत संघाने ऑक्टोबर 1957 मध्ये स्पुटनिक हा उपग्रह सोडल्यावर अमेरिकेने 1958 मध्ये जो राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला, त्याने परभाषांना आणि क्षेत्र-अभ्यासाला, म्हणजे एखाद्या प्रदेशाची भाषा, इतिहास, समाज व राजकारण यांच्या एकत्रित अभ्यासाला, सरकारी निधी दिला. व्याकरणाचा खर्च संरक्षणाच्या नावाने पडला, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

निधीपाठोपाठ प्रश्नही येतात. अमेरिकी लष्कराच्या पैशाने 1964 मध्ये आखलेल्या 'प्रोजेक्ट कॅमलॉट'मध्ये विकसनशील देशांतील बंडाळीची कारणे शोधून तिचे भाकीत करण्याचे काम समाजशास्त्रज्ञांवर सोपवले होते. चिलीत त्याचा बोभाटा झाला आणि जुलै 1965 मध्ये तो गुंडाळावा लागला. अशा आखणीत दारिद्र्य हे निवारण्याचे दुःख न राहता बंडाची पूर्वखूण ठरते.

तरीही दात्याचा हेतू आणि अभ्यासकाची जिज्ञासा एकच असतात, असे नाही. अमेरिकी इतिहासकार एलिनॉर झेलियट यांनी 1969 मध्ये पेनसिल्वेनिया विद्यापीठात पूर्ण केलेला डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ यांवरील प्रबंध कोणत्याही लष्करी नकाशात मावणारा नव्हता. त्याचा प्रश्न चळवळीतूनच आला होता. त्याच वर्षी संशोधनाला देशी निधी देणारी भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली. परंतु निधी देशी झाला म्हणून प्रश्न कोणाच्या गरजेतून उपजला, ही विचारणा संपत नाही.

येथे वाचल्या जाणाऱ्या प्रत्येक निबंधाला ही विचारणा निःसंकोच केली जावी आणि निवास-भोजनाच्या व्यवस्थेतील उणिवा मात्र पोटात घातल्या जाव्यात, ही स्वागत समितीची नम्र विनंती.